भंगारात काढण्याआधी जरा थांबा!

हिंगणघाटला आमच्या वस्तीतील वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, एक जुना संगणक आहे. १९९८ साली घेतलेला. मूळचा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे. वस्तीतील तरुण मुले म्हणतात, "भाऊ, काहून याच्या मागं लागता? देऊन टाका भंगारात!" त्यांचे बोलणे खोटे नाही. त्यांच्या खिशातील मोबाइल या यंत्रापेक्षा कितीतरी पटीने वेगवान आहे. तरीही आम्ही ते दिले नाही. का दिले नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख.

२००१ साली आम्ही एक स्मरणिका काढली होती. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये रेच्यावर राबणाऱ्या आयाबायांच्या आठवणी तीत होत्या. मजुरी किती मिळे, सरकी कशी निवडत, कापसाच्या ढिगाआड लेकरू कसे निजवत, हे त्यांनी सांगितले आणि आम्ही लिहून घेतले. त्यांतील बहुतेकजणी आज हयात नाहीत. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या. छापखान्यातील प्लेटी केव्हाच मोडीत गेल्या. त्यांचे बोल उरले ते फक्त या एका यंत्रात.

मग फाइल दुसऱ्या संगणकावर का उघडत नाही? वाचकहो, त्या काळी मराठी मजकूर पेजमेकरमध्ये जुळवत. मराठी अक्षरांना इंग्रजी अक्षरांच्या जागा दिलेल्या असत आणि प्रत्येक कंपनीच्या जागा वेगळ्या. तो फाँट नसला की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शिवाय आमच्या मराठी सॉफ्टवेअरला एक 'लॉक' होते. ते प्रिंटरच्या रुंद पोर्टमध्ये लावल्याशिवाय काम सुरू होत नसे. नव्या संगणकांना तो पोर्टच नसतो. म्हणून हेच यंत्र जगवणे भाग होते.

एका उन्हाळ्यात ते बंद पडले. आयटीआय झालेल्या वस्तीतील एका मुलीने पेटी उघडली. आत धूळ आणि कापसाचे तंतू यांचा थर! पंखा जाम झालेला. ती म्हणाली, "काका, बोर्ड शाबूत आहे. पावर सप्लाय गेला आहे." त्यात कपॅसिटर नावाचे डबीसारखे भाग असतात. त्यांच्या आतला द्रव उष्णतेने सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. आमच्याकडचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा त्यांना कसा मानवावा?

नागपूरला सीताबर्डीत चार दुकाने फिरलो. "एटीचा सप्लाय? तो केव्हाच बंद झाला," हे एकच उत्तर मिळाले. शेवटी वर्ध्यातील एका बंद पडलेल्या संगणक वर्गाच्या अडगळीत तो सापडला. त्याच्या दोन जोडण्या बोर्डावर शेजारी शेजारी बसतात. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट बसल्या तर बोर्ड जळू शकतो. मुलीने तीनदा पाहून मगच बटण दाबले. घड्याळाचा सेल बदलला, तो मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला.

पुढे डिस्क कुरकुरू लागली. नवी मोठी डिस्क लावली, तर जुना बोर्ड तिला ओळखीना! मग जुन्या कॅमेऱ्यातील कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड एका लहान अडॅप्टरने डिस्कच्या जागी बसवले. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत त्यावर घेतली आणि यंत्र सुरू झाले.

जुन्या यंत्रांसाठी अशी वणवण करणारे आम्ही एकटेच नाही. १९७८ साली आयबीएम कंपनीने भारतातील कारभार गुंडाळला, तेव्हा तिची यंत्रे येथेच राहिली. देशभरातील ती यंत्रे चालू ठेवण्याचे काम आपल्या सरकारी सीएमसी कंपनीच्या अभियंत्यांनी अंगावर घेतले. २००२ साली अमेरिकेची नासासुद्धा अंतराळयानाच्या चाचणी-यंत्रांसाठी १९७८ च्या बनावटीची ८०८६ ही चिप जुन्या बाजारात शोधत होती. जुन्या वस्तूवर काम अवलंबून असले की थोरामोठ्यांनाही अडगळ धुंडाळावी लागते.

परंतु एक गोष्ट आम्हांला उशिरा कळली. सुटे भाग मिळवून यंत्राला फक्त मुदत मिळते, अमरपट्टा नव्हे. त्या मुदतीत आतले धन बाहेर काढले पाहिजे. ते कार्ड आम्ही नव्या संगणकाला लावून फाइलींच्या प्रती घेतल्या. जुन्या यंत्रावर प्रत्येक पान उघडून छापून काढले. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला, म्हणजे तो आता कोणत्याही मोबाइलवर वाचता येतो. कन्व्हर्टर पहिली वेलांटी आणि रफार यांत हमखास चुकतो. म्हणून संध्याकाळी मुली छापील पान मोठ्याने वाचतात आणि एकजण पडद्यावर दुरुस्ती करते. एके दिवशी वाचता वाचता एक मुलगी थांबली. म्हणाली, "ही तर माझी आजी!" आजीला तिने पाहिलेही नव्हते. त्या दिवशी आमची सारी वणवण फळाला आली.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात, मंडळात, वाचनालयात असा जुना संगणक किंवा फ्लॉपीचा डबा पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यात काय आहे ते पाहा. वीज बंद करून धूळ झाडा. पावर सप्लायची पेटी मात्र घरी उघडू नका. बंद केल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते. जाणत्याला बोलवा. आधी प्रत काढा, एक नव्हे, दोन, आणि त्या दोन घरी ठेवा. मग यंत्र मोडीत द्यायचेच असेल, तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

आमचे यंत्र अजून सुरू आहे. स्मरणिकेची अकरा पाने उरली आहेत. तेवढी होईपर्यंत ते टिकावे, एवढीच आमची इच्छा आहे.