हौशी गोल्फरची वर्षभराची प्रगती मोजायची कशी?

गोल्फमध्ये प्रत्येक फटका मोजला जातो, स्कोअरकार्डवर लिहिला जातो आणि अठरा होलच्या फेरीअखेर एकच बेरीज हाती येते. तरीही गेल्या वर्षीपेक्षा आपला खेळ सुधारला की नाही, या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर बहुतेक हौशी खेळाडूंना देता येत नाही. याचे कारण असे, की त्या एका बेरजेत खेळाडूचे कौशल्य, मैदानाची काठिण्यपातळी आणि त्या दिवसाचे नशीब या तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. सुधारणा म्हणजे यांपैकी पहिल्या गोष्टीत झालेला बदल, आणि तो दिसायचा असेल तर उरलेल्या दोन गोष्टींचा प्रभाव आधी वजा करावा लागतो. गोल्फच्या नियामक संस्थांनी आणि संख्याशास्त्राने त्यासाठी बरीच साधने तयार करून ठेवली आहेत. मात्र प्रत्येक साधन कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचा उपयोग दिशाभूल करणारा ठरू शकतो.

९२ हा स्कोअर ८८ पेक्षा चांगला कसा?

भारतात गोल्फ फार जुना आहे. १८२९ मध्ये स्थापन झालेला कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब मानला जातो. मात्र कोलकात्याचे सपाट मैदान आणि पुण्याजवळच्या डोंगरउतारावरचे मैदान यांवरील स्कोअर थेट शेजारी मांडून तुलना करता येत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी प्रत्येक मान्यताप्राप्त मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. पहिला ‘कोर्स रेटिंग’, म्हणजे हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीचे माप; जितके कमी तितका खेळ सरस) शून्य असलेल्या कसलेल्या हौशी खेळाडूने सर्वसाधारण परिस्थितीत त्या मैदानावर किती फटके घ्यावेत याचा अंदाज. दुसरा ‘स्लोप रेटिंग’, म्हणजे साधारण २० च्या आसपास हँडिकॅप असलेल्या मध्यम कुवतीच्या खेळाडूला ते मैदान त्या कसलेल्या खेळाडूच्या तुलनेत किती जास्त अवघड जाते याचे माप; ते ५५ ते १५५ या दरम्यान असते आणि ११३ ही त्याची प्रमाण पातळी धरली जाते.

या दोन आकड्यांच्या साहाय्याने कोणत्याही फेरीचा ‘स्कोअर डिफरन्शिअल’ काढतात. एकूण फटक्यांतून कोर्स रेटिंग वजा करायचे, येणाऱ्या संख्येला ११३ ने गुणायचे आणि स्लोपने भागायचे, इतकेच ते गणित आहे. समजा, एका खेळाडूने ७१.२ रेटिंग आणि १२८ स्लोप असलेल्या मैदानावर ९२ फटके घेतले, तर त्याचा डिफरन्शिअल १८.४ येतो. त्याच खेळाडूने ६७.० रेटिंग आणि ११० स्लोप असलेल्या सोप्या मैदानावर ८८ फटके घेतले, तर तो २१.६ येतो. डिफरन्शिअल जितका कमी तितका खेळ सरस असल्यामुळे कागदावर चार फटक्यांनी वाईट दिसणारी पहिली फेरी प्रत्यक्षात तीन फटक्यांहून अधिक फरकाने चांगली ठरते. म्हणून वर्षभराची तुलना करताना नुसत्या फटक्यांच्या बेरजा न मांडता डिफरन्शिअल मांडणे ही पहिली अट होय.

ऋतूचाही असाच हिशेब ठेवावा लागतो. पावसाळ्यात फेअरवे भिजलेले असताना चेंडू जमिनीवर पडून पुढे फारसा धावत नाही, त्यामुळे त्याच फटक्याने कमी अंतर कापले जाते आणि ग्रीनकडे जाणारा दुसरा फटका अधिक लांबून मारावा लागतो. एखाद्या दिवशी मैदानावरच्या खेळाडूंचे स्कोअर अपेक्षेपेक्षा बरेच वेगळे आले, तर हँडिकॅपच्या गणितात उणे एक ते अधिक तीन फटक्यांपर्यंत दुरुस्ती केली जाते खरी. परंतु महाराष्ट्रातल्या खेळाडूने हिवाळ्याची तुलना गेल्या हिवाळ्याशी आणि पावसाळ्याची गेल्या पावसाळ्याशी करणे हा त्याहून सरळ मार्ग आहे.

हँडिकॅप काय सांगतो आणि काय लपवतो

प्रगतीचे माप म्हणून बहुतेक जण हँडिकॅप इंडेक्सकडेच पाहतात. अमेरिकेची यूएसजीए आणि ब्रिटनमधील आर अँड ए या दोन संस्थांनी, तोवर जगभर चालत आलेल्या सहा वेगवेगळ्या पद्धती एकत्र करून, २०२० पासून ‘वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम’ अमलात आणली आणि भारतात इंडियन गोल्फ युनियनमार्फत तीच पद्धत चालते. तिच्यानुसार खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांच्या डिफरन्शिअलची सरासरी म्हणजे त्याचा इंडेक्स. उरलेल्या १२ फेऱ्या त्या सरासरीत मोजल्याच जात नाहीत. याचा अर्थ असा, की इंडेक्स हा खेळाडूच्या नेहमीच्या खेळाचा आकडा नसून त्याच्या क्षमतेचा आकडा आहे, आणि वेगवेगळ्या ताकदीच्या खेळाडूंना बरोबरीने स्पर्धा करता यावी हा त्याचा मूळ हेतू आहे. त्यामुळे आपल्या इंडेक्सइतका खेळ रोज होत नाही अशी तक्रार करणारा खेळाडू खरे तर पद्धतीला अपेक्षित तेच अनुभवत असतो.

या रचनेतून काही चकवे निर्माण होतात. दोन खेळाडूंच्या डिफरन्शिअलची सरासरी २० असेल, परंतु एकाच्या फेऱ्या त्या सरासरीभोवती दोन फटक्यांच्या आणि दुसऱ्याच्या पाच फटक्यांच्या प्रमाण विचलनाने विखुरलेल्या असतील, तर पहिल्याचा इंडेक्स १८ च्या आसपास आणि दुसऱ्याचा १५ च्या आसपास येईल. (सरासरीपासून फेऱ्या सामान्यतः किती दूर जातात, याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात.) म्हणजेच खेळ अधिक बेभरवशाचा झाला तरी इंडेक्स सुधारलेला दिसू शकतो आणि खेळात सातत्य आले तरी तो बिघडलेला दिसू शकतो. शिवाय प्रत्येक होलवरचा स्कोअर ‘नेट डबल बोगी’वर थांबवला जातो, म्हणजे पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर हँडिकॅपमुळे मिळणारे फटके, यापुढचे फटके इंडेक्ससाठी धरले जात नाहीत. प्रत्येक होलवर एक फटका मिळणाऱ्या खेळाडूने पार चारच्या होलवर नऊ फटके घेतले काय किंवा सात घेतले काय, इंडेक्सच्या दृष्टीने ते सातच असतात. ज्या खेळाडूने वर्षभरात नऊ-दहाचे होल कमी करून ते सातवर आणले, त्याने फार मोठी मजल मारलेली असते, पण त्याच्या इंडेक्सला तिची गंधवार्ताही नसते.

खेळ घसरत असेल तर तेही इंडेक्स पूर्णपणे दाखवत नाही. गेल्या ३६५ दिवसांतील सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा नवा इंडेक्स तीन फटक्यांहून अधिक वर जाऊ लागला, की पुढची वाढ निम्मी केली जाते आणि पाच फटक्यांवर ती पूर्ण थांबवली जाते. गणिताने १५ वरून २० झालेला इंडेक्स त्यामुळे १९ वरच राहतो. त्यातच महिन्याला एकच फेरी खेळणाऱ्याच्या आजच्या २० फेऱ्यांपैकी ८ फेऱ्या वर्षापूर्वीच्या इंडेक्ससाठी धरलेल्या २० फेऱ्यांतही असतात, म्हणून त्या दोन आकड्यांची तुलना ही काही अंशी त्याच फेऱ्यांची स्वतःशीच केलेली तुलना ठरते.

नशिबाचा वाटा

मैदानाचा हिशेब वजा केल्यानंतरही त्याच कौशल्याचा खेळाडू एका रविवारी ८७ आणि पुढच्या रविवारी ९६ फटके घेतो. चेंडू झाडाला लागून फेअरवेवर परततो किंवा झाडीत हरवतो, पट होलच्या काठावरून आत पडतो किंवा वळसा घालून बाहेर येतो. या चढउतारांचे प्रमाण विचलन चार फटके आहे असे धरले, तर २० फेऱ्यांच्या सरासरीतली अनिश्चितता, जिला संख्याशास्त्रात प्रमाण त्रुटी म्हणतात, सुमारे ०.९ फटका येते आणि दोन वर्षांच्या अशा दोन सरासऱ्यांमधील फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १.३ फटके होते. फरक या त्रुटीच्या साधारण दुप्पट असल्याशिवाय तो केवळ योगायोग नाही असे म्हणता येत नाही, या रूढ निकषानुसार हौशी खेळाडूची सरासरी निदान अडीच फटक्यांनी खाली आली असेल तरच सुधारणा झाल्याचे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते. याहून लहान सुधारणा झालेलीच नसते असे नव्हे. परंतु २० फेऱ्यांच्या नोंदीतून ती सिद्ध होत नाही. ही अनिश्चितता निम्मी करायची तर फेऱ्या चौपट खेळाव्या लागतात.

सर्वोत्तम स्कोअर हा तर याहून कच्चा पुरावा आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या सर्वोच्च धावसंख्येवरून त्याची सरासरी सुधारली असे कोणी म्हणत नाही, पण गोल्फमध्ये ‘या वर्षी पहिल्यांदा ९० च्या खाली आलो’ हे वाक्य प्रगतीचा दाखला म्हणून सर्रास ऐकू येते. वर धरलेल्या चार फटक्यांच्या विचलनानुसार २० फेऱ्यांतील सर्वोत्तम फेरी सरासरीपेक्षा सुमारे साडेसात फटक्यांनी, तर ५० फेऱ्यांतील सुमारे नऊ फटक्यांनी चांगली येणे अपेक्षित असते. म्हणजे कौशल्यात तसूभरही फरक न पडता, केवळ अधिक वेळा खेळल्यामुळे दीड फटक्याचा ‘विक्रम’ पदरात पडतो.

याच्या जोडीला फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात मांडलेली सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती लक्षात घ्यावी लागते. डॅनिएल काहनेमान यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात ती गोल्फच्याच उदाहरणाने समजावली आहे: पहिल्या दिवशी असामान्य खेळ करणाऱ्याला कौशल्याबरोबर नशिबानेही साथ दिलेली असण्याचा संभव अधिक असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचा स्कोअर बहुधा सरासरीच्या जवळ येतो. हेच उलट दिशेनेही घडते. खेळाडू नवा ड्रायव्हर घेतो किंवा प्रशिक्षकाकडे जातो ते सहसा खेळ विशेष बिघडलेला असताना, आणि त्यानंतरच्या महिन्यांत स्कोअर सावरला की त्याचे सारे श्रेय ड्रायव्हरला किंवा शिकवणीला जाते; वास्तविक त्यातला काही भाग आपोआपच घडणार असतो.

फटके वाचले कुठे?

सरासरी सुधारली हे कळल्यावर ती खेळाच्या कोणत्या अंगामुळे सुधारली हा पुढचा प्रश्न येतो आणि तिथे पारंपरिक नोंदी अपुऱ्या पडतात. फेरीतील पटांची संख्या हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ज्याचे चेंडू वारंवार ग्रीनच्या बाहेर पडतात तो जवळून चिप करून होलच्या शेजारी पोचतो आणि एका पटात होल संपवतो, म्हणून त्याचे पट कमी भरतात. पुढच्या वर्षी तोच खेळाडू लांबून अधिक ग्रीन गाठू लागला, की पट लांबचे झाल्याने त्यांची संख्या वाढते, मात्र एकूण स्कोअर उतरतो. पट वाढले म्हणून पटिंग बिघडले, हा निष्कर्ष अशा वेळी साफ चुकीचा असतो.

कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी विकसित केलेल्या ‘स्ट्रोक्स गेन्ड’ या पद्धतीने हा घोळ मिटवला. पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेने २०११ मध्ये ती प्रथम पटिंगसाठी स्वीकारली आणि २०१४ मध्ये ब्रॉडी यांनी आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. चेंडू जिथे आहे तिथून होल संपवायला सरासरी किती फटके लागतात हे आधी ठरवायचे आणि प्रत्यक्ष फटक्याने त्यापेक्षा किती कमावले किंवा गमावले ते पाहायचे, हे तिचे सूत्र. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडू साधारण निम्मे पट एका फटक्यात टाकतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. एका फटक्यात पट टाकणाऱ्याने अर्धा फटका कमावला, दोन घेणाऱ्याने अर्धा गमावला. साधारण ९० चा स्कोअर करणारा हौशी खेळाडू मात्र निम्मे पट टाकतो ते पाच फुटांवरून. ब्रॉडी यांच्या विश्लेषणातून असेही दिसले, की चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग १०० यार्डांपलीकडून, म्हणजे सुमारे ९१ मीटरांपेक्षा लांबून, मारलेल्या फटक्यांतून येतो. गोल्फ पटिंगवरच जिंकला जातो या रूढ समजुतीला त्यामुळे चांगलाच तडा गेला.

पुण्यात जन्मलेले व्यावसायिक गोल्फर अनिर्बान लाहिरी पीजीए टूरवर खेळत होते तेव्हा बहुतेक स्पर्धांत त्यांच्या प्रत्येक फटक्याची जागा ‘शॉटलिंक’ यंत्रणा टिपत असे; येरवड्याच्या मैदानावर रविवारी सकाळी खेळणाऱ्या हौशी गोल्फरजवळ मात्र स्कोअरकार्ड आणि पेन्सिल एवढीच सामग्री असते. तरीही प्रत्येक होलसमोर चार खुणा करणे त्याला सहज शक्य आहे: टीवरून मारलेला चेंडू हरवला किंवा दंडाचा फटका बसला का, पारपेक्षा दोन फटके कमी असताना ग्रीन गाठले का, १०० यार्डांच्या आत आल्यावर होल संपवायला किती फटके लागले, आणि तीन पट झाले का. वर्षाच्या शेवटी या चार रकान्यांच्या बेरजा गेल्या वर्षीच्या बेरजांशेजारी मांडल्या, तर सुधारणा कुठे झाली आणि कुठे राहिली हे नुसत्या एकूण स्कोअरपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते. दंडाचे फटके आणि तीन पट यांसारख्या घटना एकेका होलवर मोजल्या जात असल्याने त्यांची संख्याही मोठी भरते आणि कल लवकर उमगतो.

वयाचाही विचार न्याय्य निर्णयासाठी करावा लागतो. साठीच्या पुढच्या खेळाडूचा फटका वर्षागणिक आखूड होत असताना त्याच टीवरून त्याची सरासरी कायम राहिली असेल, तर त्याने उरलेल्या खेळात तेवढी कमाई केली आहे, आणि ती सुधारणाच मानली पाहिजे.

तेव्हा वर्षाअखेरीचा हिशेब मांडणाऱ्याने सर्वोत्तम फेरी बाजूला ठेवावी, इंडेक्सला स्पर्धेपुरते महत्त्व द्यावे, आणि दोन्ही वर्षांतील निदान वीस-वीस फेऱ्यांच्या, वाईट फेऱ्या न वगळता काढलेल्या डिफरन्शिअलची सरासरी ताडून पाहावी. ती अडीच-तीन फटक्यांनी उतरली असेल तर खेळ सुधारला असे निःशंक म्हणावे. फरक एखाद्या फटक्याचाच असेल तर निकाल राखून ठेवावा आणि पुढच्या फेरीपासून प्रत्येक होलसमोर त्या चार खुणा करायला सुरुवात करावी.