फलकावरचा टन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे निपाणी, संकेश्वर आणि बेळगावच्या परिसरात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या आणि मालमोटारी अहोरात्र धावू लागतात; परंतु जुन्या पुलापाशी तांबड्या वर्तुळात लिहिलेल्या टनांच्या आकड्याविषयी पुष्कळांच्या मनात भ्रामक समजुती आढळतात, आणि त्यांचे निरसन होणे अगत्याचे आहे.

गैरसमज : हा आकडा मालाच्या वजनाचा असतो.
वस्तुस्थिती : तो वाहन आणि माल मिळून होणाऱ्या एकूण वजनाचा असतो. कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून निव्वळ उसाचा आकडा पावतीवर चढवला जातो. पुलावर मात्र अशी वजावट नाही. मर्यादा १० टनांची आणि रिकामी गाडी ६ टनांची असेल, तर ऊस ४ टनांहून अधिक असता कामा नये.

गैरसमज : टन पूर्वीपासून एकच आहे.
वस्तुस्थिती : बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत होता त्या इंग्रजी अमदानीत टन २,२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,०१६ किलोंचा होता; अमेरिकेतील टन २,००० पौंडांचा, सुमारे ९०७ किलोंचा आहे. १९५६ च्या कायद्यान्वये आपल्याकडे मेट्रिक वजनांचा अंमल ऑक्टोबर १९५८ पासून सुरू झाला, आणि आजच्या फलकावरील टन १,००० किलोंचा, अर्थात दहा क्विंटलांचा असतो.

गैरसमज : वजनाचे सर्व फलक सारखेच.
वस्तुस्थिती : ज्या फलकावर आसाचे, म्हणजे चालकमंडळी ज्याला एक्सल म्हणतात त्याचे, चित्र असते, तो एका आसावरील भाराची मर्यादा सांगतो, एकूण वजनाची नव्हे.

गैरसमज : सरकारने ट्रकांची वजनमर्यादा वाढवली, तेव्हा पुलाचीही वाढली.
वस्तुस्थिती : जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली, हे खरे. परंतु ती वाहनाची मर्यादा होय, आणि एखाद्या दुर्बल पुलावर लावलेला निर्बंध तिच्यामुळे तसूभरही सैल होत नाही.

गैरसमज : महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की कायदा बदलतो.
वस्तुस्थिती : १९८८ चा मोटार वाहन कायदा केंद्राचा असून हद्दीच्या दोन्ही बाजूंस तोच लागू आहे. त्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भाराबद्दल २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

दंड भरून सुटका होईल, खचलेला पूल मात्र साऱ्या पंचक्रोशीची वहिवाट बंद करील. म्हणून चालक, मालक आणि ऊस उत्पादकांनी गाडी भरण्यापूर्वीच वाटेतील पुलांच्या मर्यादा ध्यानी घ्याव्यात.