अर्धशिशी घेऊन गावाला निघताना

गणपतीला कोकणात जायचं ठरलं की घंटा-तोरणापासून सगळ्याची यादी होते. अर्धशिशीच्या गोळ्या मात्र ‘तिथे कुठेही मिळतील’ या खात्यात जातात. मिळतात त्या साध्या वेदनाशामक. ट्रिप्टान गटातली खास गोळी गावातल्या दुकानात असेलच असं नाही, शिवाय ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असते. बसमध्ये शेजारचं कुणी आपली गोळी प्रेमाने पुढे करतं, तीही नको. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान चालत नाही. औषध डिकीत न टाकता मांडीवरच्या पिशवीत ठेवावं आणि घेताना पूर्ण पट्टी मागावी. कात्रीने कापून दिलेल्या दोन गोळ्यांवर बरेचदा ना नाव उरतं, ना मुदतीची तारीख.

‘पित्त झालंय, उलटी झाली की उतरेल.’ उलटीनंतर काहींना खरंच हलकं वाटतं, म्हणून तर हा समज पिढ्यान् पिढ्या टिकलाय. पण मळमळ हे मेंदूतून उठणाऱ्या या आजाराचंच लक्षण. झटक्यात जठराचं काम मंदावतं आणि गिळलेली गोळी उशिरा लागू पडते. घाटात ज्यांना हमखास उलट्या होतात त्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांकडे उलटीवरचं औषध किंवा नाकात मारायच्या स्प्रेबद्दल विचारावं.

‘अगदी असह्य झालं तरच गोळी घ्यावी.’ उलट, दुखणं सौम्य असतानाच ती जास्त गुण देते. अडचण आहे ती जुनाट अर्धशिशीवाल्यांची, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखणाऱ्यांची. लवकर घ्यायची म्हटलं तर रोजच घ्यावी लागेल! ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामक महिन्यात १० दिवस, पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी १५ दिवस, असं काही महिने चाललं की औषधानेच डोकेदुखी वाढू लागते. त्यामुळे दिवस कॅलेंडरवर मांडावेत. गणपतीआधीच आठ दिवस खर्ची पडले असतील तर डॉक्टरांना तेव्हाच गाठावं. प्रतिबंधासाठी दिलेली रोजची गोळी या हिशेबात येत नाही, आणि सुट्टी म्हणून ती बंदही करायची नाही. प्रोप्रॅनोलॉल तर एकाएकी मुळीच सोडू नये.

‘एक दिवस उपाशी राहिल्याने काय होतंय?’ हा आजार बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट. त्यात गणपतीच्या आदल्या दिवशी हरतालिकेचा निर्जळी उपास, रात्रीचं जागरण, नाहीतर रात्रभराची बस, आणि चुकलेला चहा. झटका ओढवून घ्यायला यातलं एकेकही पुरतं. निर्जळीऐवजी फळं-पाणी घेतल्याने व्रत मोडतं असं म्हणणाऱ्या सासूबाईंशी एकदा बोलून घ्यायला हरकत नाही.

‘नेहमीचंच डोकं आहे, झोपून काढू.’ क्षणार्धात शिगेला पोचलेली कळ, पहिल्यांदाच लुळा पडलेला हात, अडखळणारी जीभ किंवा तापासोबत आखडलेली मान, यातलं काहीही दिसलं तर झोपू नये. १०८ ला फोन लावावा.