कृतीचे दफ्तर : हुसेन, हैदराबाद आणि चित्रपट

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, जे 1951 साली पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीत लोकांस खुले झाले आणि 1968 पासून मुसी नदीच्या काठच्या आजच्या इमारतीत नांदत आहे, दर तासाला एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. बेन्झोनीच्या संगमरवरी अवगुंठित रिबेकेसमोर क्षणभर थबकून पुढे सरकणारे लोक कुक अँड केल्व्ही या पेढीच्या घड्याळापुढे मात्र जागा धरून बसतात. ठरल्या वेळी आतून एक दाढीवाला चिमुकला पहारेकरी बाहेर येतो, तासाइतके टोल देतो आणि परत आत जातो. जवळच लोहाराची बाहुली सेकंदासेकंदाला घाव घालीत असते. स्थिर वस्तूंच्या त्या अफाट पसाऱ्यात माणसे खिळून राहतात ती घडणाऱ्या कृतीसमोर. वस्तू जतन करण्याची विद्या संग्रहालयांनी उत्तम आत्मसात केली आहे. कृती जतन करावयाची झाल्यास मात्र चित्रपटाचाच आश्रय घ्यावा लागतो. ही गोष्ट आपल्या देशात ज्यांनी फार लवकर ओळखली, ते मकबूल फिदा हुसेन 1915 साली पंढरपुरात जन्मले, मुंबईत सिनेमाची जाहिरातफलके रंगवीत घडले, आणि त्यांच्या कर्तृत्वाचा एक अत्यंत महत्त्वाचा अध्याय हैदराबादेत लिहिला गेला.

त्या अध्यायाचा आरंभ राममनोहर लोहियांच्या एका सूचनेपासून होतो. धनिकांच्या दिवाणखान्यांसाठी चित्रे काढण्यापेक्षा या देशातील सामान्य माणसाच्या मनात शतकानुशतके वस्ती करून राहिलेले रामायण रंगवावे, असे लोहियांनी त्यांना सुचविले. 1967 मध्ये लोहिया निवर्तले. परंतु हैदराबादचे बद्रीविशाल पित्ती, जे ‘कल्पना’ हे हिंदी मासिक चालवीत आणि समाजवादी चळवळीचे आधारस्तंभ होते, त्यांनी आपल्या मोतीभवनात हुसेन यांच्या मुक्कामाची व्यवस्था केली. वाल्मीकी व तुलसीदास समोर ठेवून, काशीच्या पंडितांशी चर्चा करून, हुसेन यांनी तेथे दीडशेच्या आसपास चित्रे सिद्ध केली. मला या साऱ्या उद्योगाचा कळस वाटतो तो पुढचाच भाग. ही चित्रे बैलगाडीत घालून त्यांनी हैदराबादेच्या आसपासच्या मुलखात, एका गावात नेली आणि लोकांपुढे मांडली. डोळा कुठे आहे, हा राम कशावरून, असे तेथे कोणी विचारले नाही, असे ते पुढे आवर्जून सांगत. गाडीवरून उतरणारी चित्रे, ती मांडणारा अनवाणी चित्रकार आणि भोवती जमलेले गाव, हे सर्व मिळून एक कलाकृती होती. आज संग्राहकांच्या हाती आहेत ते केवळ तिचे कॅनव्हास.

हीच वृत्ती पुढे अधिक धीट झाली. 1992 साली कलकत्त्याच्या टाटा सेंटरमध्ये त्यांनी लोकांच्या डोळ्यांदेखत सहा दिवसांत सहा देवी रंगविल्या आणि अखेरच्या दिवशी त्यांवर पांढरा रंग फिरवून टाकला. त्याच वर्षी मुंबईच्या जहांगीर कलादालनात ‘श्वेतांबरी’ या नावाने केवळ पांढरे कापड आणि जमिनीवर पसरलेली फाटकी वर्तमानपत्रे एवढेच मांडले. विकत घेण्याजोगे, भिंतीवर टांगण्याजोगे तेथे काहीही ठेवले नव्हते. पुष्कळांनी यास प्रसिद्धीचा हव्यास म्हटले. ज्याने ऐन उमेदीची वर्षे उन्हापावसात नाहीशी होणारी फलके रंगविण्यात घालविली, त्याला चित्राच्या नश्वरतेचे भय का वाटावे?

या दृष्टीने हुसेन यांचा 1967 चा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट फिरून पाहण्यासारखा आहे. फिल्म्स डिव्हिजनमध्ये त्या काळी जाँ भावनगरी यांनी प्रयोगास मुभा दिली होती, म्हणूनच सरकारी खात्याच्या खर्चाने असा चित्रपट होऊ शकला. आरंभीचे थोडे प्रास्ताविक सोडले तर त्यात निवेदन नाही, कथानक नाही. विजय राघव राव यांचे संगीत आहे आणि राजस्थानचा प्रदेश आहे. त्या प्रदेशात एक छत्री येते, एक कंदील येतो, एक जोडा येतो. किल्ल्याच्या उजाड भिंतीशेजारी, पायरीवर, वाळूत या तीन वस्तू पुनःपुन्हा प्रकटतात आणि प्रत्येक वेळी भोवतालाची मांडणीच पालटून टाकतात. चित्रकाराची निवड, त्याचे ठेवणे आणि उचलणे, हीच येथील घटना होय. बर्लिनच्या महोत्सवात त्या वर्षी या लघुपटास सुवर्ण अस्वल मिळाले. पुढे 1972 साली प्रमोद पती यांनी ‘आबिद’ या लघुपटात चित्रकार आबिद सुरती यांस एका खोलीत एकेक चौकट थांबवून टिपले, रंग व माणूस यांचा एकच धुमाकूळ उडवून दिला. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने ती पडद्यावरची धावपळ मुळात केवढी संथ आणि कष्टाची असेल!

हुसेन यांच्या पुढील चित्रपटांपैकी ‘मीनाक्षी’ (2004) हैदराबादेतच सुरू होतो, लेखणी थांबलेल्या एका नवाब कादंबरीकारापासून; त्यातील कव्वालीवर धार्मिक संघटनांनी आक्षेप घेताच तो चित्रपटगृहांतून काढून घेण्यात आला. माझ्या मते त्यात देखणेपणा फार आणि छत्री-कंदिलाचा तो निःशब्द धीटपणा कमी आहे. परंतु याच शहरात, बंजारा हिल्सवर, त्यांनी ‘सिनेमा घर’ उभारले, ज्यात चित्रदालन आणि छोटे चित्रपटगृह एकाच छपराखाली होते. भिंतीवरचे चित्र आणि पडद्यावरचे चित्र यांत त्यांनी दर्जाचा भेद मानला नाही, याचा हा विटा-चुन्यातला पुरावा होता. 2006 साली खटले आणि धमक्या यांमुळे त्यांनी देश सोडला, 2010 मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले आणि 2011 साली लंडनमध्ये ते वारले.

आपली संग्रहालये चित्रपटास अजूनही चित्राचा साक्षीदार समजून कोपऱ्यातल्या लहानशा पडद्यावर बसवितात. मूळ प्रत कोणत्या अवस्थेत आहे, ती कोणाच्या हवाली आहे, याची नोंद चित्राच्या नोंदीइतक्या काटेकोरपणे ठेवली जात नाही. हैदराबादेने तरी हा शिरस्ता मोडावा. एक अंधारी खोली, नीट दुरुस्त केलेली प्रत आणि रोजच्या ठरल्या वेळा, एवढ्याने 1967 चा तो लघुपट या शहरात कायमचा राहू शकेल. आणि त्याची एक फिरती प्रत, जिथे बैलगाडीतून रामायण गेले होते त्या मुलखातल्या शाळांत पाठविण्यास फारसा खर्च येणार नाही.