फोटॉनचा छापाकाटा

नाणं उडवलं की छापा पडेल की काटा, हे सांगता येत नाही. पण त्यात नाण्याची काही करामत नसते, आपलंच मोजमाप तोकडं पडतं. अंगठ्याचा जोर, वेग, उंची नेमकी कळली तर निकाल आधीच सांगता येईल. संगणकाचे ‘रँडम’ आकडे त्याहून फसवे: सूत्र आणि सुरुवातीचा आकडा हाती लागला की पुढची सगळी रांग निघते. गुप्त किल्ली त्यातूनच बनली असेल, तर चोराचं फावलंच.

आता तिरका आरसा घ्या, निम्मा प्रकाश आरपार सोडणारा, निम्मा परतवणारा. लेझर इतका मंद करा की एका वेळी जेमतेम एखादाच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, येईल. तो अर्धा होत नाही. पलीकडचा डिटेक्टर वाजला तर ०, बाजूचा वाजला तर १.

कुठला वाजणार, हे फोटॉनपाशी आधीच लिहिलेलं असतं का? असावं, असं आइन्स्टाइन यांचं मत होतं. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी त्यासाठी कसोटी काढली: जोडीतल्या दोन कणांचे निकाल आधीच ठरलेले असतील आणि एकीकडचा निरोप प्रकाशाहून वेगाने दुसरीकडे जात नसेल, तर त्यांचा मेळ एका मर्यादेपलीकडे जमणार नाही. प्रयोगांत तो त्या मर्यादेपलीकडे जमला. २०१५ मध्ये या प्रयोगांतल्या महत्त्वाच्या पळवाटाही एकाच प्रयोगात बुजवल्या गेल्या.

यंत्रात मात्र भेसळ असतेच. समजा, आरसा ७० टक्के ० आणि ३० टक्के १ देतो. यावर जॉन फॉन नॉयमन यांची १९५१ची युक्ती मला फार आवडते. अंक जोडीजोडीने वाचायचे. ०१ आलं तर ०, १० आलं तर १, आणि ०० किंवा ११ सरळ फेकून द्यायचं. ०१ची शक्यता ०.७ गुणिले ०.३, १०ची ०.३ गुणिले ०.७, दोन्ही २१ टक्के! पक्षपात गेला, पण १०० पैकी सरासरी ५८ जोड्या कचऱ्यात गेल्या.

२०२० मध्ये दक्षिण कोरियात सॅमसंगच्या एका फोनमध्ये फोटॉनमधून रँडम आकडे काढणारी चिप आली. तिच्यात आरसाबिरसा नाही. बारीक एलईडी कॅमेऱ्यासारख्या सेन्सरवर उजेड पाडतो आणि प्रत्येक ठिपक्यावर कमीजास्त फोटॉन पडतात. अंधारातल्या फोटोत जो दाणेदारपणा आपल्याला खुपतो, त्याच्यासारखाच चढउतार ती चिप टिपत बसते.