स्वीकारतत्त्व
उत्स्फूर्त नाट्यातील मूलभूत संकेत. संहितेवाचून प्रयोग करताना सहनटाने उक्तीने वा कृतीने जे सुचविले, ते खरे मानून त्यात स्वतःची भर घालणे, असे त्याचे स्वरूप आहे. इंग्रजी रंगभूमीवर ते ‘यस, अँड’ या नावाने रूढ झाले. कीथ जॉन्स्टन (१९३३–२०२३) या ब्रिटिश नाट्यशिक्षकाने इंप्रो (१९७९) या ग्रंथात त्याचे मार्मिक विवेचन केले आहे.

एका नटाने ‘डॉक्टर, पाय दुखतो’ म्हणताच दुसरा ‘मी डॉक्टर नाही’ म्हणाला, तर प्रवेश तेथेच खुंटतो. ‘कालच तर नवा बसविला!’ असे उत्तर आल्यास मात्र रुग्ण, डॉक्टर व त्यांचा पूर्वेतिहास एकदम उभा राहतो. तथापि स्वीकार म्हणजे होकार नव्हे. नवोदितांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. रुग्णाला हाकलून देणारा डॉक्टरही प्रवेश पुढे नेतो. पात्राने नकार द्यावा. नटाने सहनटाचे कल्पित जग मोडू नये. अशा मोडतोडीमागे दुष्टाव्यापेक्षा पुढील घटना आपल्या हाती राहणार नाहीत ही भीतीच अधिक असते. तमाशातील बतावणीत सोंगाड्या समोरच्याचे बोलणे उडवून लावतो, असे वरवर वाटते. वस्तुतः तो त्यातीलच शब्द पकडून विनोद वाढवीत असतो.