जड बाजू कुठली?

दिवाळी सरत आली की मलकापूरच्या जिनिंगांपुढे कापसाच्या गाड्या लागतात. आत पाइपातून कापूस ओढणारे पंखे दिवसरात्र घरघरतात. मुरलेला फिटर त्या घरघरीवरूनच दुखणं ओळखतो. आवाज जाडावला, पायाखालची फरशी थरथरू लागली, की एखादं पातं झिजलेलं असतं किंवा त्यावर धूळ आणि तंतूंची पुटं चढलेली असतात. मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या पंख्यावर, मधल्या दांड्यापासून 25 सेंटिमीटरवर, 50 ग्रॅम वजन जास्तीचं बसलं तर ते बेअरिंगला सुमारे 31 किलोच्या जोराने ओढतं. या ओढीची दिशाही फेऱ्याबरोबर फिरत राहते. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट होते. आजीच्या जात्याचा खुंटा एकाच बाजूला असे, पण ते हळू फिरे, म्हणून त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

जड बाजू शोधायची जुनी रीत सोपी आहे. फिरता भाग दोन सपाट कडांवर मोकळा ठेवायचा, म्हणजे जड बाजू आपोआप खाली येते. रुंद भागाला मात्र एवढ्याने भागत नाही. एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली सारखंच वजन असेल, तर थांबलेला ड्रम अगदी शहाण्यासारखा स्थिर राहतो. फिरवला की त्याची दोन्ही टोकं उलटसुलट झोके घेतात. म्हणून महामार्गावरच्या टायरवाल्याचं यंत्र चाक फिरवून पाहतं आणि रिमच्या आतल्या व बाहेरच्या कडेला वेगवेगळी वजनं लावायला सांगतं.

इंजिनात हा हिशेब आणखी अवघड होतो. मोटारसायकलचा पिस्टन वरखाली धावतो, तर क्रँकवरचं वजन गोल फिरतं. वरखालीचा सगळा धक्का शमवायला जावं, तर तेच वजन आडवे धक्के देऊ लागतं. म्हणून तिथे तडजोड करावी लागते.

जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोटरी इंजिनात पिस्टनच नसतो. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर कंबर आवळलेल्या पोकळीत फिरतो. त्याची एक फेरी होते तोवर दांड्याच्या तीन होतात. रोटरचा मध्य दांड्याच्या मध्यापासून जरा बाजूला असतो. माझ्दाच्या गाजलेल्या 13बी इंजिनात तो 15 मिलिमीटर सरकवलेला आहे. तेवढ्यावरच सुमारे 4 किलोचा रोटर दांड्याच्या मिनिटाला 6000 फेऱ्यांना जवळपास 2.4 टनांची ओढ लावतो! गंमत अशी, की ही ओढ निव्वळ गोल फिरणारी आहे. समोरच्या बाजूला नेमकं वजन, म्हणजे प्रतिवजन, बसवलं की ती पूर्ण मारता येते, तडजोड लागत नाही. मला या इंजिनाचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो.

दोन रोटर असले की ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूला बसवतात. त्यांच्या ओढी एकमेकींना खातात, पण दोघांमध्ये अंतर असल्याने ड्रमसारखा झोका उरतो. तो मारायला पुढे आणि मागे वजनं लागतात. मागचं वजन काही गाड्यांत फ्लायव्हीलमध्येच घडवलेलं असतं. हलक्या फ्लायव्हीलच्या हौसेत ते गेलं, की गाडी थरथरलीच म्हणून समजा. रोटर थंड ठेवणारं तेल त्याच्या पोटात फिरतं, त्याचंही वजन हिशेबात धरावं लागतं.

अशा इंजिनाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बेंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांसोबत ‘निशांत’ या चालकविरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचं वांकेल इंजिन घडवलं. मार्च 2009मध्ये कोलारजवळ ते बसवलेलं ‘निशांत’ उडालं. इंजिनाचं वजन सुमारे 30 किलो आणि रोटर एकच. जोडीला दुसरा नाही, म्हणजे सगळी ओढ दांड्यावरच्या प्रतिवजनांनीच मारायची. त्यातून हे विमान टेहळणीचं. इंजिन थरथरलं, तर कॅमेऱ्यातलं चित्रही थरथरणार.

प्रतिवजन रोटरला चिकटून, त्याच पातळीत बसवता आलं असतं तर एकच पुरलं असतं. पण तिथे पोकळीच्या भिंती असतात. म्हणून ते दोन भागांत वाटून रोटरच्या दोन्ही अंगांना ठेवतात. वाटणी चुकली, तर बेरीज बरोबर असूनही टोकं झोके घेतात.

जिनिंगमधला फिटर मात्र वजनाला लगेच हात घालत नाही. आधी पंखा बंद करून पाती ब्रशने खरवडून काढतो. पुटांसकट वजन जुळवलं, तर पुढच्या आठवड्यात एक पापुद्रा गळून पडतो आणि फरशी पुन्हा थरथरू लागते.